गृहपत्रिकेत न छापलेली गोष्ट : कामाच्या ठिकाणचे किस्से आणि अंतर्गत संवाद

पाळीबदल (धागाकर्ता)

सभासदांना नमस्कार. चिंचवड परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे नोकरी केली. त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे गुणवत्ता विभागातील कामाबरोबर कारखान्याच्या गृहपत्रिकेचे संपादनही माझ्याकडे होते. अंतर्गत संवाद म्हणजे परिपत्रके, नोटीस बोर्ड, अध्यक्षांचे दिवाळीचे पत्र, वार्षिक मेळाव्यातील भाषणे आणि गृहपत्रिका, अशी माझी त्या काळात पक्की समजूत होती आणि ते काम मी मनापासून करत असे. ही समजूत अपुरी असल्याचे मला एका प्रसंगाने शिकवले. तो प्रसंग सविस्तर सांगून आपणा सर्वांचे अनुभव विचारावेत, यासाठी हा धागा काढला आहे.

आमच्या हीट ट्रीटमेंट विभागात तापलेले गिअर तेलाच्या टाकीत बुडवून झटकन थंड केले जातात. हे तेल सतत तापत असल्यामुळे ते पाण्यावर चालणाऱ्या कूलरमधून फिरवावे लागते. कूलरची एखादी नळी आतून गळू लागली, तर पाणी तेलात उतरते आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी जाऊन बसते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. मग लालभडक गिअरांची बास्केट टाकीत उतरते, तळचे पाणी ढवळले जाते, त्याची वाफ होते आणि पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते. तेल फेसाळून टाकीबाहेर येते आणि पेट घेते. ज्यांनी हा विभाग पाहिला आहे, त्यांना यातील धोका वेगळा सांगायला नको.

या विभागात रात्रपाळीला एक ज्येष्ठ ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. पावसाळा सुरू झाला की मामा रोज पहिली बॅच टाकण्याआधी टाकीच्या तळाच्या कॉकमधून थोडे तेल घरून आणलेल्या पितळी पळीत घेत आणि भट्टीशेजारच्या तापलेल्या पत्र्यावर त्याचे दोन थेंब सोडत. थेंब मुकाट पसरले, तर बॅच टाकायची. फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसे तडतडले, तर टाकायची नाही आणि मेंटेनन्सला बोलवायचे. हे कोणत्याही कार्यपद्धतीत लिहिलेले नव्हते. प्रयोगशाळेकडून तेलाची तपासणी महिन्यातून एकदा होत असे आणि कागदोपत्री तेवढी पुरेशी होती.

मामा मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. जूनच्या अंकात मी त्यांचे शाल-श्रीफळ घेतानाचे छायाचित्र छापले आणि खाली ‘चौतीस वर्षांची प्रामाणिक व निष्ठेची सेवा’ अशी ओळ लिहिली. जुलैमधील एका रात्री टाकी फेसाळली, ज्वाला वरच्या धुराड्यापर्यंत गेल्या आणि वाळू टाकून व कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर रिकामे करून आग विझवावी लागली. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. दोन बॅचमधील सगळे गिअर भंगारात गेले. चौकशी अहवालात मूळ कारण ‘कूलरच्या नळीची गळती’ आणि उपाय ‘नळी बदलली’ असा लिहिला गेला. पळीचा त्यात उल्लेख नव्हता, कारण अहवाल लिहिणाऱ्यांपैकी कोणालाच पळी ठाऊक नव्हती. दुसऱ्या पाळीतील एका हेल्परने ती मला चहाच्या वेळी सांगितली.

त्यानंतर एका रविवारी मी मामांच्या गावी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी सांगितले, की नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका आगीत त्यांच्या उस्तादांचा हात भाजला होता आणि ही पळीची रीत त्या उस्तादांनीच बरे होऊन आल्यावर घालून दिली. ‘‘मग हे आपण नव्या मुलांना का सांगितले नाही?’’ असे मी विचारले. मामा म्हणाले, ‘‘सांगायचं कधी, साहेब? सात वाजता आमची पाळी सुटते आणि सात वाजताच बस सुटते. पहिल्या पाळीचा पोरगा कार्ड पंच करून आत येईपर्यंत आम्ही बसमध्ये. आणि तुम्ही माझा फोटो काढायला आलात, तेव्हा विचारलं असतंत तर तुम्हालाही सांगितलं असतं.’’

मी अकरा वर्षांत शेकडो पाने भरली. उत्पादनाचे विक्रम, गुणवत्ता मंडळांची पारितोषिके, कामगारांच्या मुलांचे दहावी-बारावीचे गुण, वृक्षारोपण हे सारे छापले आणि ते छापायला हवेच होते. परंतु ज्या गोष्टीमुळे माणसे वाचतात, ती एकदाही छापली नाही. कामाच्या ठिकाणी खरा अंतर्गत संवाद म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगितलेली, तपशिलासकटची, फसलेल्या कामाची गोष्ट होय, असे मला आता वाटते आणि तिला जागा, वेळ व अभय देणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. आपल्या क्षेत्रात या गोष्टी कशा सांगितल्या जातात किंवा का सांगितल्या जात नाहीत, हे कृपया लिहावे.

घाटमाथा

धागा वाचून मन भरून आले. मी मध्य रेल्वेत लोको पायलट होतो आणि माझी बरीच वर्षे बोरघाटात गेली. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात चढ १ : ३७ आहे, म्हणजे प्रत्येक सदतीस मीटरला एक मीटर. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात आणि उतरताना ब्रेक निकामी झालाच, तर गाडी वळवून थांबवण्यासाठी चढावर नेणाऱ्या कॅच साइडिंग बांधलेल्या आहेत. ही सगळी माहिती पुस्तकात आणि वर्किंग टाइमटेबलमध्ये मिळते. तरीही एखाद्या विभागात गाडी चालवण्याआधी प्रत्येक चालकाला रोड लर्निंग करावे लागते, म्हणजे दुसऱ्या चालकाबरोबर दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्या मारून तो मार्ग स्वतःच्या डोळ्यांनी शिकावा लागतो आणि मार्ग शिकल्याची सही दिल्याशिवाय त्याला तिथे गाडी मिळत नाही.

त्या फेऱ्यांत जे शिकवले जाते, ते सगळे गोष्टींच्या रूपात असते. ‘‘या बोगद्यातून बाहेर पडलास की पावसात सिग्नल उशिरा दिसतो; अमुक साली मी इथे घाबरून ब्रेक लावला होता आणि गाडी पुन्हा उचलताना घाम फुटला होता.’’ असे वाक्य त्या बोगद्याच्या तोंडाशी, त्याच धुक्यात ऐकलेले असते, म्हणून ते तीस वर्षांनीही त्या जागी आपोआप आठवते. वर्गात बसून ऐकले असते, तर परीक्षेपुरते राहिले असते. तसेच आम्ही प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारतो. चालक पुकारतो आणि सहायक तोच पुन्हा पुकारतो. नवख्या माणसाला तो उपचार वाटतो. परंतु एका केबिनमध्ये दोन माणसांनी एकच गोष्ट एकमेकांना ऐकवल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा अंतर्गत संवादाचा सर्वांत लहान आणि सर्वांत जुना नमुना आहे, असे मी मानतो.

आपल्या मामांच्या बाबतीत रोड लर्निंगची सोय नव्हती, एवढाच फरक आहे. आमच्याकडे शिकण्याच्या फेऱ्या ड्यूटी म्हणून धरल्या जातात आणि त्यांचा पगार मिळतो. आपल्या कारखान्यात शिकवण्यासाठी पाच मिनिटेही मोजलेली नव्हती.

मनुष्यबळ

धागाकर्त्यांचा अनुभव मोलाचा आहे. तरीही मी दुसरी बाजू मांडू इच्छिते. मी वीस वर्षांहून अधिक काळ कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत काम केले आहे आणि किश्श्यांनी झालेले नुकसानही मी जवळून पाहिले आहे.

एका प्रेस शॉपमध्ये एका जुन्या कामगाराचा किस्सा सर्वांच्या तोंडी होता. रात्री प्रेसच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, पत्रा अडकला, मेंटेनन्सचा माणूस जागेवर नव्हता, तेव्हा या कामगाराने यंत्रावरचे संरक्षक आवरण, म्हणजे गार्ड, बाजूला सारून हाताने पत्रा काढला, पाळीचे उत्पादन पूर्ण केले आणि सकाळी मॅनेजरने त्याची पाठ थोपटली, असा तो किस्सा. चहाच्या टपरीवर तो इतक्या कौतुकाने सांगितला जाई, की सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलाने तसेच करून पाहिले. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. रुग्णालयात मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘मॅडम, त्यांनी केलं होतं ना.’’ कामगार विमा रुग्णालयातील त्या खाटेशेजारी मी जे ऐकले, त्यानंतर तोंडी परंपरेविषयी मला सहजासहजी आदर वाटत नाही.

किस्सा खरा की खोटा, हे कोणी तपासत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याचा किस्सा पुढे जातो. लेखी कार्यपद्धतीवर कोणाची तरी सही असते, तिला आवृत्ती क्रमांक असतो, ती चुकली तर सुधारता येते. म्हणून माझे मत असे, की पळीची तपासणी कार्यपद्धतीत लिहून घ्यावी आणि विषय संपवावा. गोष्टींचे उत्सव करू नयेत.

दूरदेशी

मी मूळचा नाशिकचा असून गेली नऊ वर्षे नेदरलँड्समध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. मनुष्यबळ यांचा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे आणि त्यावर प्रत्यक्ष काम झालेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात होते. कार्यालयांत जाऊन फोटोकॉपी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ते फिरले, त्यांच्याबरोबर न्याहारी केली, त्यांचे बोलणे नोंदवले. कंपनीची समजूत अशी होती, की यंत्र बिघाडाचा क्रमांक दाखवते, तंत्रज्ञ पुस्तिकेत तो क्रमांक शोधतो आणि त्याप्रमाणे भाग बदलतो. ऑर यांना दिसले, की अवघड बिघाडात यंत्राने दाखवलेला क्रमांक आणि खरा दोष यांचा मेळ बसत नाही. तेव्हा दोन तंत्रज्ञ यंत्रासमोर उभे राहून एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगू लागतात आणि त्या गोष्टींशी समोरचे यंत्र ताडून पाहता पाहता दोषापर्यंत पोहोचतात. याचा अर्थ त्या गोष्टी हीच त्यांची दुरुस्तीची हत्यारे होती. कंपनीच्या हिशेबी मात्र ते गप्पांत घालवलेले तास होते.

यापुढचा भाग मनुष्यबळ यांच्या शंकेशी जोडलेला आहे. या अभ्यासातून धडा घेऊन झेरॉक्समध्ये ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली आणि तिची सुरुवात १९९० च्या दशकात फ्रान्समधील तंत्रज्ञांपासून झाली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहून पाठवायची, इतर अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि पटली तरच ती सर्वांना उपलब्ध करायची, अशी तिची रीत होती. युक्तीबरोबर ती देणाऱ्याचे नाव राहत असे. गोष्ट सांगणारा तिच्याबद्दल उत्तरदायी राहतो आणि त्याच्या बरोबरीचे लोक ती पारखतात, अशी ही रचना होती. वरिष्ठांनी तपासली असती, तर बहुधा कोणी लिहिलीच नसती.

आमच्या क्षेत्रात एखादी सेवा बंद पडली, की नंतर दोषारोपाविना पोस्टमॉर्टेम लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. त्यात कोणी काय केले हे मिनिटामिनिटाने लिहितात. ‘त्याने चूक केली’ असे न लिहिता ‘त्या क्षणी त्याच्यासमोर ही माहिती होती, म्हणून त्याला हे योग्य वाटले’ असे लिहितात. प्रेस शॉपमधील त्या किश्श्याची अशी नोंद झाली असती, तर ‘मेंटेनन्सचा माणूस जागेवर का नव्हता’ आणि ‘गार्ड बाजूला सारल्यावरही प्रेस चालूच कसा राहिला’ हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे आले असते.

निशापाळी

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे पाळी बदलताना ‘ओव्हर’ देतात आणि घेतात. ओव्हर वहीत असते आणि तोंडीही असते. वहीत नाडी, रक्तदाब, सलाईन, दिलेली औषधे. तोंडी ओव्हर खाटेजवळ उभे राहून द्यायची असते आणि त्यात वहीत न मावणारे सांगायचे असते : ‘‘सात नंबरच्या आजी काल रात्रीपासून नेहमीसारख्या बोलत नाहीत. रिपोर्ट सगळे ठीक आहेत, पण लक्ष ठेवा.’’ या एका वाक्यामुळे पहाटे चार वाजता मी एका रुग्णाकडे दुसऱ्यांदा वळून पाहिले आहे आणि डॉक्टरांना वेळेत बोलावले आहे. गर्दीच्या वॉर्डात, एका परिचारिकेवर चाळीस रुग्ण असताना, सर्वांत आधी कापले जाते ते हेच वाक्य. वही भरलेली असते, त्यामुळे तपासणीला येणाऱ्यांना काही उणे दिसत नाही.

अभयाचा मुद्दा धागाकर्त्यांनी एका शब्दात उरकला आहे, त्यावर अधिक लिहायला हवे. औषधाची मात्रा चुकता चुकता वाचली, हे मी मैत्रिणीला डब्याच्या वेळी सांगते. मेट्रनला सांगत नाही. सांगितले, तर ‘कारणे दाखवा’ नोटीस येते आणि ती सेवापुस्तकाला चिकटते. अमेरिकेत वैमानिकांसाठी १९७६ पासून एक व्यवस्था आहे, असे मी प्रशिक्षणात शिकले. चुका कळवणारे अहवाल विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या खात्याकडे न जाता नासाकडे जातात, नासा त्यांतील ओळख पटवणारा मजकूर काढून टाकते आणि निवडक प्रसंग सर्वांसाठी प्रसिद्ध करते. जो शिक्षा करू शकतो त्याच्या हातात गोष्ट जाता कामा नये, हे तिथे पन्नास वर्षांपूर्वी ओळखले गेले. आमच्याकडे दोन्ही कामे एकाच टेबलावर होतात.

उतारा

साखर कारखान्यातील एक मुद्दा मांडतो. आमचे काम हंगामी असते. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, चार-पाच महिने गाळप चालते आणि मग पुढच्या हंगामापर्यंत मोठा खंड पडतो. पॅनवर काम करणारा जुना माणूस घट्ट होत आलेला पाक अंगठा आणि तर्जनी यांत धरून तार पाहतो, काचेच्या पट्टीवर दाणा पाहतो आणि ठरवतो. उपकरणे आली आहेत, तरी हे डोळे आणि ही बोटे लागतातच. पूर्वी हंगामी असला, तरी तोच माणूस दर वर्षी परत येई आणि बरोबर पुतण्याला किंवा भाच्याला आणी. आता पुष्कळ ठिकाणी कंत्राटदाराकडून माणसे येतात आणि दर हंगामाला चेहरे बदलतात. गोष्ट सांगायची कोणाला, आणि ज्याला पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही, त्याने ती जपून ठेवायची कशासाठी?

धागाकर्त्यांना एक थेट प्रश्न आहे. आपल्या गृहपत्रिकेत कंत्राटी कामगारांचा उल्लेख किती वेळा आला? त्यांना अंक मिळत होता का?

जुनेअंक

मी जुनी मराठी नियतकालिके जमवतो. गृहपत्रिकेचा विषय निघाला आहे, म्हणून एक संदर्भ इथे यायलाच हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा केला आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक सुरू केले. नांगर विकणाऱ्या एका कारखान्याच्या खबरांपासून निघालेले हे पत्रक पुढे मराठीतील प्रमुख मासिकांपैकी एक झाले आणि त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणाऱ्या या मासिकांचे मूळ एका गृहपत्रिकेत आहे, याचा मला अभिमान वाटतो.

एक खंतही वाटते. मासिक वाढत गेले, तसे ते कारखान्याच्या फाटकाबाहेरचे झाले आणि साहित्य म्हणून त्याने जे मिळवले ते मोठेच आहे. परंतु कारखान्याच्या आतील गोष्ट गंभीरपणे लिहिण्याची जी वाट मराठीत त्या काळी उघडू शकली असती, ती तशीच राहून गेली. ओतशाळेतील साच्याची, लेथवरील हाताची, फसलेल्या ओतकामाची भाषा मराठी कामगारांच्या तोंडी समृद्ध आहे आणि छापील मराठीत ती फार थोडी उतरली. धागाकर्त्यांनी पळीची गोष्ट ज्या तपशिलाने लिहिली आहे, तसे लेखन गृहपत्रिकांतून शंभर वर्षे होत राहिले असते, तर आज अभियांत्रिकी मराठीतून शिकवताना शब्द शोधत बसावे लागले नसते.

पाळीबदल (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. क्रमाने उत्तर देतो.

उतारा यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण ते मला सर्वांत जड जाते. अकरा वर्षांत कंत्राटी कामगारांचा उल्लेख एकदाही आला नाही आणि त्यांना अंकही दिला जात नव्हता. पाळीतील जवळजवळ निम्मी माणसे कंत्राटी असताना, अंक कायम कामगारांच्या हजेरीपटावरून मोजून छापला जाई. ज्या हेल्परने मला पळीची गोष्ट सांगितली, तो कंत्राटीच होता.

मनुष्यबळ यांनी सांगितलेला प्रेस शॉपचा प्रसंग वाचल्यावर मी माझे मूळ म्हणणे थोडे दुरुस्त करतो. त्या किश्श्यात फसलेले काही नव्हते; तो यशाचा किस्सा होता. वरून खाली सांगितल्या जाणाऱ्या यशोगाथेबद्दल माझी जी तक्रार आहे, तीच टपरीवरच्या यशोगाथेलाही लागू पडते, हे मला आधी सुचले नव्हते. सुखरूप शेवट झालेली गोष्ट ऐकणाऱ्याला निर्धास्त करते.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण ‘कोलंबिया’ या अवकाशयानाचे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा एक मोठा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. फोमचे तुकडे पूर्वीच्या उड्डाणांतही पडले होते आणि ती याने सुखरूप परतली होती. त्यामुळे फोम पडतो आणि दुरुस्ती करून भागते, अशी गोष्ट ती संस्था स्वतःला सांगत आली होती. या वेळी धोका किती, याची मांडणी व्यवस्थापनासमोर पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर झाली. तुकड्याचे आकारमान १९२० घन इंच होते आणि ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला जात होता, त्यांतील तुकडे ३ घन इंचांचे होते, म्हणजे ६४० पटींचा फरक. ही माहिती त्या स्लाइडवर होती, परंतु अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही खाली. शीर्षक वाचणाऱ्याला दिलासा मिळत होता. यानाची छायाचित्रे घ्यावीत, ही अभियंत्यांची मागणीही पुढे सरकली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान विदीर्ण झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात त्या स्लाइडचा मुद्दाम समाचार घेतला. ६४० पटींचा फरक कोणी पूर्ण वाक्यात, ‘‘आपण कधी न तपासलेल्या गोष्टीबद्दल बोलत आहोत’’ अशा शब्दांत सांगितला असता, तर तो एवढ्या सहजी नजरेआड झाला नसता, असे मला राहून राहून वाटते. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड बंद केल्या, पूर्ण वाक्यांतील सहा पानांपर्यंतचे टिपण लिहायला लावले आणि बैठकीच्या सुरुवातीला ते सर्वांनी शांतपणे वाचायची प्रथा पाडली, त्यामागील कारणही हेच असावे : मुद्द्यांच्या यादीत विचारांतील भोके लपतात, वाक्यांत ती उघडी पडतात.

पळीची तपासणी कार्यपद्धतीत लिहावी, हे मान्य आहे. ती आता लिहिली गेली आहे. परंतु नुसते ‘पाळीच्या सुरुवातीस तेलातील पाण्याची तपासणी करावी’ असे लिहिले, तर काही महिन्यांत ती रकान्यातील बरोबरची खूण होते. पत्रा तापलेला नसतानाही खूण केली जाते. आपल्या उस्तादांचा हात का भाजला, हे ज्याला ठाऊक आहे, तो खूण करण्याआधी वाकतो. म्हणून कार्यपद्धतीच्या शेजारी ती गोष्टही राहिली पाहिजे आणि दूरदेशी यांनी लिहिल्याप्रमाणे तिची पारख त्याच कामातील माणसांनी केली पाहिजे.

निशापाळी यांनी अभयाबद्दल लिहिलेले मी कारखान्याच्या सध्याच्या प्रमुखांना जसेच्या तसे पाठवले आहे. निवृत्तीनंतरही त्यांच्याशी माझा संपर्क आहे आणि या धाग्यापूर्वीच मी त्यांच्याकडे तीन मागण्या केल्या होत्या. पहिली, की पाळीच्या वहीतील नोंदीवरून कोणालाही नोटीस काढू नये. दुसरी, की वहीत कंत्राटी कामगारांनाही लिहिता यावे आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची नोंद दुसऱ्याने त्याच्या शब्दांत लिहावी. तिसरी, की तिसऱ्या पाळीची बस सात वाजता न सोडता सात वाजून दहा मिनिटांनी सोडावी आणि ही दहा मिनिटे पगारी धरावीत.

पहिल्या मागणीवर कायदेशीर सल्ला घेतला जात आहे आणि ती अडेल, अशी मला भीती वाटते. दुसरी मान्य झाली. तिसरीवर वाहतूक कंत्राटदाराशी तीन आठवडे घासाघीस चालली, कारण तीच बस पुढे शाळेच्या फेरीला जाते. मागच्या सोमवारपासून बस सात दहाला सुटते.

तेलाच्या टाकीजवळ खांबाला सुतळीने एक फुलस्केप वही बांधली आहे. पहिली नोंद मामांनी फोनवरून सांगितली आणि त्या हेल्परने लिहून घेतली : ‘‘पावसाळ्यात पहिल्या बॅचच्या आधी तळाचं तेल पळीत घ्यायचं. पत्रा लाल नको, पण थुंकी उडेल एवढा तापलेला हवा. तडतडलं तर बास्केट खाली सोडायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.’’ त्याखाली कालपर्यंत दोन नोंदी वाढल्या होत्या. दुसऱ्या नोंदीत पहिल्या पाळीच्या एका मुलाने विचारले आहे, की मामांची पितळी पळी त्यांच्याबरोबर गेली, तर आता स्टोअरमधून कोणती मागवायची.

घाटमाथा

पितळीच मागवा. आमच्याकडेही तेलाच्या डब्यातील पळी पितळी असे. लोखंडी पळीला पावसाळ्यात ओल धरते आणि मग थेंब तेलातील पाण्याने तडतडला की पळीवरच्या, हे कळणार नाही. हे त्या वहीत तिसऱ्या नोंदीखाली लिहून घ्यावे, अशी विनंती.